बोट काढू नका, बाई

"उठू नका, बाई. बोट काढू नका."

मास्तर बाहेरून ओरडत होते आणि मी निळ्या ताडपत्रीखाली पालथी पडले होते. तोंडात माती गेली होती. ताडपत्रीवर आग्यामाशा आदळत होत्या. लाह्या फुटतात तसा आवाज, पण लाह्या कधीतरी संपतात. दोन माशा माझ्यासोबत आत आल्या होत्या. एक मानेला डसली, एक कानामागे. दोन्ही मी डाव्या हाताने चिरडल्या. उजव्या हाताचं बोट जमिनीवर टेकलेलं होतं, जिथं मघाशी चेंडू उभा होता तिथं.

वारा असा होता की ताडपत्री केव्हाच उडून गेली असती. ती उडाली नाही, कारण मास्तर तिच्या काठावर बसले होते. बाहेरच्या बाजूने.

"मास्तर, आत या!"

"आत आलो तं हे उडते."

"मग पळा ना! मले काय पाहता?"

"मोजाचं बाकी आहे."

मला त्या माणसाचा इतका राग आला की हात मोकळा असता तर मीच एक ठेवून दिली असती.

ते नागपूरच्या एका कॉलेजात खेळाचे शिक्षक होते. निवृत्त झाले, अमेरिकेत मुलाकडे सहा महिने राहून आले, आणि बायकोला तिथंच नातवापाशी ठेवून एकटे आमच्या हिंगणीत आले. नातं नाही, गोतं नाही. मी शाळेत खिचडी शिजवायची. शाळेच्या बाजूलाच माझं घर, मागची खोली रिकामी. ते दारात आले आणि खोली पाहायच्या आधी शाळेमागचं मैदान पाहून आले. पायाने मोजून आले.

"बाई, इथं मधात झाड नाई, खांब नाई. अन वारा धरणाकडून सरका येते."

"खोलीत पंखा आहे," मी म्हटलं.

"मी मैदानाचं म्हणून राह्यलो."

तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं.

तो माणूस बसायचाच नाही. मी पाट मांडला की त्याच्यावर एक पाय ठेवून उभ्याने जेवायचा. चहा घेऊन विहिरीपर्यंत जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. अर्धा चहा माझ्या अंगणात सांडलेला. चालता चालता मोजायचा. चुलीपासून न्हाणीपर्यंत अकरा. न्हाणीपासून गोठ्यापर्यंत बावीस. त्यांचं एक पाऊल म्हणजे एक यार्ड, असं त्यांचं म्हणणं. मी चौथी शिकलेली, मला फूट कळतात, हात कळतात. यार्ड म्हणजे तीन फूट हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की शेवटी मी भाजीवालीशीही यार्डात बोलायला लागले असते.

सेलूच्या बसमध्ये जागा रिकामी असली तरी उभे. एकदा कंडक्टर म्हणाला, "मास्तर, बसा ना. टिकट बसाचंच काढलं तुम्ही."

"तू बस. तुले पाय दुखत असतीन."

शेजारच्या घरी तेराव्याचं जेवण होतं. सगळे पंगतीत बसले आणि हे पत्रावळ हातावर घेऊन मांडवात फेऱ्या मारत होते. घरची म्हातारी मला कोपराने ढोसून म्हणाली, "काऊन वं, याच्या बुडाले गळू झालं काय?"

मी विचारलं एकदा सरळच. बसत का नाही? ते म्हणाले, कॉलेजात असताना ते फुटबॉलच्या संघात होते. पायात जोर होता, पण शिकवणाऱ्याने तीन वर्षं राखीव ठेवलं. तीन वर्षं बाकावर बसलो बाई, एकदाही उठवलं नाही. तेव्हापासून बसवत नाही.

हे कारण मला पटलं नाही. बाकावर पुष्कळ लोक बसतात. मी एकवीस वर्षं खिचडीच्या चुलीपुढे बसले, म्हणून काय मी उभ्याने जेवते?

खोलीत त्यांच्याकडे सामान थोडंच होतं, पण खाटेवर उशीच्या जागी एक चेंडू होता. खारकेच्या आकाराचा, दोन्ही टोकांना निमुळता, एका बाजूने दोरी शिवलेला. मुलाने तिथल्या एका कॉलेजचा सामना दाखवायला नेलं होतं, तिथून आणलेला. त्या देशात कॉलेजची पोरं हा चेंडू घेऊन एकमेकांवर पडतात. ते पडणं मास्तरांना आवडलं नव्हतं. "तो सारा खेळ मले समजत नाई, अन समजून घ्याचाही नाई," असं ते म्हणायचे. पण मधूनच सगळी पडापडी थांबते. एक जण खाली बसून चेंडू जमिनीवर उभा धरतो, वरच्या टोकावर फक्त एक बोट. दुसरा धावत येऊन लाथ मारतो. लांब दोन खांब असतात, मध्ये दहा फुटांवर आडवा दांडा. त्या दोन खांबांमधून, दांड्याच्या वरून चेंडू गेला पाहिजे. एवढंच. या एवढ्यासाठी मास्तर त्या सामन्यात उभे राहिले ते शेवटपर्यंत बसले नाहीत, आणि मागचे लोक खाली बसा म्हणून ओरडत राहिले.

तिथल्या पोरांनी किती लांबून हे केलं ते त्यांना पाठ होतं. मोठ्या कॉलेजांतल्या तिघांनी सदुसष्ट यार्डांवरून. एका लहान कॉलेजातल्या, दुसऱ्या देशातून आलेल्या पोराने एकोणसत्तरवरून. त्याला पन्नास वर्षं होत आली, पुढे कॉलेजातलं कोणी गेलं नाही. मोबाइलवर ते मला त्या लाथा दाखवायचे. जुनी, धुरकट चित्रं. मला त्यात चेंडू दिसायचाच नाही.

"अन त्या काळी चेंडूखाली ठोकळा ठेवू देत, बाई. आता बंद केला. आपण तं उघड्या जमिनीवरून मारू."

"आपण म्हणजे कोण?"

यावर ते विहिरीकडे निघून जायचे.

पहिल्यांदा स्वतःच मारायचे. सहासष्ट वर्षांचा माणूस, पांढरी पँट, डोक्याला रुमाल. चेंडू खड्यांच्या आधाराने उभा करून लाथ मारायचे, आणि तो गुरं चरायची तिथं जाऊन पडायचा. खांब म्हणून त्यांनी तीन बांबू आणले होते. दोन उभे, एक आडवा, सुतळीने बांधलेला. वारा फिरला की बांबू उपटायचे आणि दुसरीकडे रोवायचे. सब्बल घेऊन एकट्याने गुडघाभर खड्डा करायचे, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. जुना खड्डा बुजवायचं मात्र लक्षात राहायचं नाही. मैदानाच्या दोन्ही टोकांना उंदरांनी पोखरल्यासारखं झालं.

मग आमच्या शेजारच्याची कालवड एका खड्ड्यात पाय जाऊन पडली. पाय मोडला. गावात बोंब झाली. पंचायतीत बोलावलं. शेजारी म्हणाला, "ह्या माणसाले गावात काय काम आहे? शेत नाई, दुकान नाई, जमीन उकरून राह्यला नुसता."

मास्तरांनी हात जोडले. चूक माझी, म्हणाले. मग दोन महिने रोज सकाळ-संध्याकाळ त्या कालवडीला स्वतःच्या हाताने चारा घातला, तिच्या पायाची फळी बदलली, तिला उठायला शिकवलं. शेजारीण मला सांगायची की ते तिच्याशी बोलतात. "आज चार यार्ड चाललीस. उद्या सहा." कालवड बरी झाली, थोडी लंगडते. मास्तरांनी सगळे खड्डे बुजवले. आणि आठ दिवसांत नवे सहा केले.

अंकुश माझ्या मुलीचा मुलगा. बीएच्या दुसऱ्या वर्षाला होता, माझ्याकडे राहून सेलूला जायचा. सगळे त्याला अंक्या म्हणतात. गावातली पोरं करतात तशी तोही पोलीस भरतीची तयारी करायचा. पहाटे उठून मैदानाला फेऱ्या, गोळाफेक, उन्हाळा-हिवाळा काही नाही. त्याच्या बापाचा हात मशीनमध्ये गेलेला, घरी दोन बहिणी. या नोकरीवर किती माणसं डोळे लावून बसली होती हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं.

एका सकाळी शाळेच्या पोरांचा साधा गोल फुटबॉल त्याच्या पायाशी आला. त्याने पळता पळता परत मारला. तो पोरांवरून, शाळेवरून गेला आणि मारुतीच्या देवळाच्या पत्र्यावर धाडकन पडला. मास्तर चहा घेऊन फेऱ्या मारत होते. ते थांबले. त्या माणसाला मी थांबलेलं क्वचितच पाहिलं. मग कप घेऊन तसेच मैदानात गेले आणि वाकून अंक्याचा बूट पाहायला लागले.

"कितव्या वर्गात आहे रे?"

"बीए सेकंड इयर, सर."

"म्हणजे कॉलेजात आहे. चालते मग."

"काय चालते, सर?"

त्या दिवसापासून माझ्या घरात भांडण. मी मास्तरांना अंगणात गाठून सांगितलं, "हे पाहा, त्याचा पाय भरतीसाठी आहे. सोळाशे मीटर पळाचं आहे त्याले. मुरगळला तं तुम्ही द्याल काय नोकरी?"

"बाई, तसं नाई. हे कॉलेजातल्या पोरायचं आहे. एकदा भरती झाला की हा कॉलेजातला राह्यत नाई. पोलिसाची लाथ मोजत नाईत."

"पोलिसाची लाथ ज्याले पडते तो मोजते," मी म्हटलं.

ते हसले. पण अंक्याला त्यांनी सोडलं नाही, आणि अंक्याला ते सुटायला नको होते. लाथ मारून घरी आला की त्याचं तोंड वेगळं असायचं. भरतीच्या फेऱ्या मारून आला की नुसता घाम.

चेंडू धरायला भरतीच्या पोरांपैकी एक तयार झाला. पण अंक्या धावत आला की त्याची हिंमत जायची. चौथ्या वेळी त्याने बोट काढून घेतलं, चेंडू आडवा झाला, अंक्याची लाथ हवेत गेली आणि तो पाठीवर आदळला. दोन दिवस कंबर धरून चालत होता. मी मैदानात गेले.

"तो मारणारच असंन तं मी धरतो."

"तुम्ही?" मास्तर म्हणाले.

"मी जळतं लाकूड हातानं ओढलेली बाई आहो. लाथेले भीत नाई. तुमचं हे भेकड पोट्टं माझ्या नातवाचं कंबरडं मोडन."

असं ते झालं. नातवाचा पाय वाचावा म्हणून मी चेंडू धरायला बसले, आणि मग बसतच गेले. अडुसष्टाव्या वर्षी. मास्तरांनी शिकवलं: टोकावर फक्त बोटाचा शेंडा, दाबायचं नाही, चेंडू अंगाकडे किंचित कललेला, नजर चेंडूवर, पायावर नाही. "धरणारा हालला की गेलं, बाई." गुडघे टेकून बसावं लागायचं. मी म्हटलं, माझे गुडघे काही तुमच्या बापाचे नाहीत. तर दुसऱ्या दिवशी ते ही निळी ताडपत्री घेऊन आले आणि चार घड्या करून माझ्या गुडघ्यांखाली घातली. उठताना मात्र मला दर वेळी कोणीतरी हात द्यावा लागायचा.

एकदा अंक्याचा बूट माझ्या बोटाला लागला. नख काळं पडलं, पुढे गळून गेलं. मी हात झटकत बसले होते आणि मास्तर धावत आले. मला वाटलं, बोट पाहतील.

"हाललं नाई ना, पण?" त्यांनी विचारलं.

"नाई हाललं."

"वा," ते म्हणाले, आणि चेंडू आणायला गेले.

मोजायची त्यांची एक पद्धत होती. नायलॉनची दोरी, दर यार्डाला गाठ. पहिल्या रविवारी त्यांनी आधीच दोरी लावली, गाठी मोजल्या, मोठ्याने साठ म्हणाले, आणि अंक्याच्या सगळ्या लाथा वाकड्या गेल्या. त्यावर त्यांनी ठरवलं, आकडा कानात गेला की पाय आखडतो. तेव्हापासून ते फक्त पावलं टाकत मनात मोजायचे, कोणाला सांगायचे नाहीत. मी बोट ठेवायचं, अंक्याने मारायचं. दांड्यावरून गेला तरच दोरी काढायची आणि माझ्या बोटापासून बांबूपर्यंत लावायची. तोपर्यंत बोट तिथंच. "आधी लाथ, मग आकडा," हे त्यांचं वाक्य झालं. पुढे ते प्रत्येक गोष्टीला म्हणायला लागले. मी तांदूळ मापाने घालायला लागले की म्हणायचे, "आधी लाथ, बाई, मग आकडा." मी म्हणायचे, मग तुम्हीच गिळा कच्चा भात.

फाल्गुनापर्यंत अंक्या अठ्ठावन्नवर गेला होता. वारा पाठीशी असताना एकदा एकसष्ट.

"नोंद कोण घेणार आहे याची?" मी विचारलं. "तिकडच्या लोकायले हिंगणी माहीत आहे काय?"

"कोणीच नाई घेत."

"मग?"

"आपल्याले माहीत पाहिजे ना."

चैत्रात अंक्याला वर्ध्याला मैदानी चाचणीची तारीख आली. गुरुवारची. मी दोघांनाही सांगितलं, आता चेंडूला पाय लावायचा नाही. आठवडाभर लावला नाही. मास्तर अंगणात असे फिरत होते की माझी कोंबडी घाबरून अंड्यावरून उठली. रविवारी दुपारी वारा सुटला. धूळ, पाचोळा, वाळत घातलेली लुगडी विजेच्या तारेवर जाऊन अडकली. मास्तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"बाई, एक लाथ. एकच. असा वारा पुन्हा येत नाई. अन गुरुवारपासून हा कॉलेजातला नाई."

"अन पाय मुरगळला तं?"

"तं मी गाव सोडतो. चेंडू तुमच्या चुलीत घाला."

मी अंक्याकडे पाहिलं. मला वाटलं, तो नाही म्हणेल. तो म्हणाला, "आजी, एक मारू दे ना. मलेही पाहाचं आहे."

त्या दिवशी वारा उलट्या बाजूने होता. म्हणून मास्तरांनी बांबू उपटले आणि नेहमीच्या टोकाला न लावता पलीकडे, बंद पडलेल्या गोदामाच्या बाजूला रोवले. त्या बाजूला जुने खड्डे होतेच. त्यातलेच दोन वापरले की नवे केले, कोणी पाहिलं नाही. आम्ही दोघं वारा लागू नये म्हणून शाळेच्या भिंतीआड उभे होतो.

त्या गोदामाच्या सज्जाखाली आग्या मोहोळ होतं. सुपाएवढं, काळं. गावात सगळ्यांना माहीत. फाल्गुन लागला की आम्ही त्या बाजूला शेकोटी करत नाही, पोरांना दगड मारू देत नाही, बायका गोवऱ्या थापायला दुसरीकडे जातात. मास्तरांना त्याचं काही नव्हतं. त्यांची मान आडव्या बांबूपर्यंत वर जायची, त्याच्या पलीकडे नाही.

मी पाहिलं होतं. ताडपत्रीवर गुडघे टेकले तेव्हा बांबूमागे ते मोहोळ मला समोर दिसत होतं. मी बोलले नाही. बांबू इतके लांब होते की खराट्याच्या काड्यांसारखे दिसत होते. मला वाटलं, बांबूपर्यंतच जात नाही चेंडू, मोहोळापर्यंत कुठला जातो. मास्तरांना वर्षभर मूर्ख म्हटलं, आणि मोठी चूक माझी आहे. अंक्याने नंतर सांगितलं, त्यानेही पाहिलं होतं. पण आजी काही म्हणत नाही म्हणजे ठीक असेल, असं त्याला वाटलं.

मी बोट ठेवलं. अंक्या तीन पावलं मागे गेला, दोन बाजूला. मास्तर माझ्या मागे उभे होते, मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

लाथ बसली तेव्हा आवाज वेगळाच आला. कापसाच्या गाठोड्यावर काठी मारल्यासारखा, भरीव. चेंडू वर गेला आणि वाऱ्याने त्याला उचललं. मी मान वर करून पाहत होते. तो खाली यायला लागला तेव्हा मला वाटलं, संपलं. पण तो बांबूंच्या वरून गेला, चांगला दोन पुरुष उंचीवरून, बरोबर मधोमध. मास्तरांनी दोन्ही हात सरळ वर केले. तिकडे तसंच करतात, मोबाइलमध्ये मी पाहिलं होतं. हात वर असतानाच चेंडू सज्जाखाली जाऊन बसला.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग गोदामाच्या भिंतीवरून काहीतरी काळं सुटलं.

अंक्या माझ्याकडे धावला, मला उठवायला. मास्तर ओरडले, तो भरतीच्या फेऱ्या मारताना ओरडायचे तसेच. "पळ! इकडं नाई, घरांकडं! मागं पाह्यचं नाई!" त्याने तरी एक पाऊल माझ्याकडे टाकलं. मास्तरांनी त्याच्या छातीला धक्का दिला. "पळ म्हणतो ना! टाइम जाऊन राह्यला!" आणि अंक्या पळाला. शाळेपलीकडच्या पहिल्या उघड्या घरात शिरून त्याने दार लावून घेतलं. पंधरा-सोळा ठिकाणी डसल्या होत्या.

मला उठता येत नव्हतं. मास्तरांनी ताडपत्री माझ्या गुडघ्यांखालून ओढली तशी मी तोंडावर पडले. त्यांनी ती उघडून माझ्यावर टाकली. वाऱ्याने एक बाजू उचलली. मग ती बाजू खाली आली आणि आली तशी राहिली.

पुढचं मी सांगितलं आहे. ते म्हणाले, मोजायचं बाकी आहे. त्यानंतर मी शिव्या दिल्या. ज्या येत होत्या त्या सगळ्या दिल्या. ते मध्येच म्हणाले, "सत्तर पावलं टाकली बाई मी." मग माझ्या शिव्या संपल्या. मी हाक मारली. "आहो," ते म्हणाले. पुन्हा मारली. "आहो." आवाज दर वेळी त्याच जागेवरून येत होता. मला वाटलं होतं, हा माणूस बसल्या जागी दोन मिनिटं टिकणार नाही, उठेल, पळेल, ताडपत्री उडेल. मी किती हाका मारल्या आठवत नाही. शेवटच्या दोन-तीन हाकांना उत्तर आलं नाही, पण ताडपत्री हलली नाही.

अंक्याने त्या घरातून फोन केले. गावातली माणसं घोंगड्या पांघरून आली. मशाली करायला हाताशी काही नव्हतं, समोर मास्तरांचे बांबू होते. ते उपटले, फोडले, चिंध्या गुंडाळल्या, ट्रॅक्टरमधलं डिझेल ओतलं आणि धूर केला. त्यांनी बरोबर केलं. नाही तर मी हे सांगायला नसते.

ताडपत्री काढली तेव्हा शेजारी म्हणाला, "माय, उठ." कालवडीवाला शेजारी. मी म्हटलं, आधी इथं दगड ठेव. तो म्हणाला, कुठं? मी म्हटलं, माझं बोट आहे तिथं. त्याला वाटलं असेल, विष डोक्यात गेलं. पण त्याने दगड ठेवला.

मास्तरांना सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. चेहरा ओळखू येत नव्हता. डॉक्टरने काटे मोजायचं सोडून दिलं. मी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा त्यांचे डोळे सुजून बंद होते. मी म्हटलं, मी आली आहो. त्यांनी विचारलं, "अंक्याचा पाय?"

"धड आहे."

"मोजलं?"

"नाई अजून."

यावर त्यांनी मान हलवली, रागाने की काय, कळलं नाही.

मुलगा अमेरिकेतून आला तोवर सगळं झालं होतं. दिवस करून तो माझ्या अंगणात आला आणि खुर्चीवर बसला. बापासारखा दिसतो, पण बसतो. त्याने विचारलं, बाबा शेवटी काय बोलले. मी सांगितलं. तो म्हणाला, मग चला, मोजू.

दगड जागेवर होता. दोरी मास्तरांच्या खोलीत होती. त्याने दगडापासून दोरी लावली आणि गोदामाकडे गेला. तिथं खड्ड्यांच्या चार जोड्या होत्या, सगळ्या उघड्या, सगळ्या गुडघाभर, तुडवलेल्या. एक सहासष्टवर. एक अडुसष्टवर. एक सत्तरवर, आणि त्याच्या जरा मागे एकाहत्तरवर.

"यातली कोणती?" त्याने विचारलं.

"मले नाई माहीत."

"बाबा सत्तर म्हणाले ना?"

"ते पावलं म्हणाले. पावलं वाऱ्यात कमी-जास्त होतात."

बांबू उपटणाऱ्यांना त्या घाईत काही लक्षात राहिलं नव्हतं. अंक्यालाही विचारलं. तो म्हणाला, साहेब, लांबून सगळे सारखेच दिसतात. मुलगा माझ्याकडे पाहत राहिला. मी सत्तर म्हटलं असतं तर तो सुखाने विमानात बसला असता. पण मी पाहिलं नव्हतं. माझी नजर चेंडूवर होती, जशी त्यांनी सांगितली होती.

गावात म्हणतात, मास्तरांनी बाईला वाचवायला जीव दिला. बायका येऊन माझ्यासमोर डोळे पुसतात. मला वाचवायला बसले की बोटाची खूण वाचवायला, ते ताडपत्रीखालून दिसत नव्हतं. विचारायला हवं होतं, पण दवाखान्यात त्यांनी अंक्याचा पाय विचारला आणि मोजलं का विचारलं, माझं काही विचारलं नाही. खरं म्हणजे मी समोरच उभी होते.

अंक्याने गुरुवारची चाचणी सुजल्या तोंडाने दिली. तो पोलिसात आहे. आता त्याची लाथ मोजत नाहीत.

त्या रविवारी मैदानावर आम्ही तिघं होतो. मास्तर चौथ्या दिवशी गेले. अंक्या वाचला, आणि मी वाचले.